खलाशांच्या यादीत बाईचे नाव

(पापडी, वसई येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



'शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या स्त्रिया' हा आजचा विषय पत्रकावर वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे माझ्या कानावर आले आहे. पाण्याचा प्रश्न आहे, मासळीच्या भावाचा आहे, घरातल्या दारूचा आहे. हे सगळे सोडून ताई ही कुठली श्रीमंतांची शर्यत घेऊन बसल्या? आक्षेप रास्त आहे. त्या शर्यतींच्या बोटींवर जाहिरातदारांचे कोट्यवधी रुपये लागलेले असतात. आपल्यापैकी कोणी उद्या उठून त्या शर्यतीत उतरणार नाही. तरीही मी हा विषय मागून घेतला. या पट्ट्यात, पापडीपासून पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्यापर्यंत काम करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा एकदा नीट समाचार घ्यावा असे वाटले. ते वाक्य म्हणजे, "बोटीवर बाईची सोय नसते." हे वाक्य फक्त आपल्याच धक्क्यावर बोलले जाते असे मला वाटत होते. ते जगभर बोलले गेले आहे, आणि पन्नास वर्षांत ते कसे कसे खोटे पडत गेले हे या शर्यतींच्या गोष्टीत फार स्वच्छ दिसते.

आधी शर्यत म्हणजे काय ते सांगते. १९७३ साली इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून सतरा शिडाच्या बोटी पृथ्वीला फेरी मारायला निघाल्या. व्हिटब्रेड नावाच्या बिअर बनवणाऱ्या कंपनीने पैसे दिले म्हणून शर्यतीचे नाव व्हिटब्रेड. पुढे व्होल्वो या मोटार कंपनीने ती घेतली, आणि आता तिला 'द ओशन रेस' म्हणतात. ही शर्यत एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या वेळी केपटाउन, सिडनी आणि रिओ असे मुक्काम होते. मुक्कामाला बोट बंदरात लागते, फाटलेली शिडे शिवली जातात, अन्नपाणी भरले जाते, आणि हवे असल्यास खलाशी बदलता येतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. पुढे मुक्काम वाढत गेले. डिसेंबर २००८ मध्ये ही शर्यत आपल्या देशात कोचीलाही थांबली होती.

वाट मात्र अवघड. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत वाहतो तो दक्षिणेच्या टोकाला, अंटार्क्टिकाच्या बाजूला. तिथे मधे जमीनच नाही, त्यामुळे लाटेला अडवायला काही नाही. थंडी अशी की पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठतो. पहिल्याच शर्यतीत तीन खलाशी गेले. २०१८ सालीही, एवढी उपकरणे असताना, एक अनुभवी खलाशी त्याच समुद्रात वाहून गेला, तो सापडला नाही. तेव्हा ही काही हौसेची सहल नव्हे. समुद्राची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरातली माणसे दर्यावर जातात त्यांना मी ती काय सांगू?

या शर्यतीत पहिल्यापासून मोजक्या स्त्रिया होत्या. १९७७-७८ साली क्लेअर फ्रान्सिस नावाच्या बाईने एका बोटीचे नेतृत्व केले आणि पाचवा क्रमांक आणला. म्हणजे बाईला बोट हाकता येते हे तेव्हाच दिसून आले होते. पण एखादी बाई चमकली की तिला अपवाद ठरवायचे आणि बाकीच्यांना दारातच ठेवायचे, ही पद्धत आपल्याला नवीन नाही. १९८५-८६ च्या शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्स नावाची तरुण मुलगी एका बोटीवर घेतली गेली. कशासाठी? स्वयंपाकीण म्हणून. पृथ्वीच्या टोकाला जाऊनही बाईच्या हातात पळीच.

ट्रेसीने ठरवले की पुढच्या शर्यतीला सगळ्या बायकांची बोट न्यायची. पैसे द्यायला कोणी तयार होईना. बायका समुद्रात मेल्या तर आमच्या नावाला बट्टा लागेल, ही कंपन्यांची भीती. तिने घर गहाण टाकले, एक जुनी, मोडकळीला आलेली अठ्ठावन्न फुटी बोट विकत घेतली. त्या बोटीची डागडुजी बायकांनीच केली. शेवटी मदत आली ती जॉर्डनच्या राजाकडून, त्यांच्या विमान कंपनीमार्फत. बोटीचे नाव ठेवले 'मेडन', म्हणजे कुमारिका. बारा जणी सप्टेंबर १९८९ मध्ये निघाल्या. एका नामांकित पत्रकाराने लिहिले, ही बोट म्हणजे चवचाल बायांनी भरलेला पत्र्याचा डबा. हा शब्द मी मुद्दाम सांगते, कारण धक्क्यावर उशिरापर्यंत थांबणाऱ्या बाईला आपल्याकडेही असेच काहीतरी म्हणतात.

मेडनने आपल्या गटात दुसरा आणि तिसरा टप्पा जिंकला. त्यातला एक टप्पा त्याच दक्षिणेच्या समुद्रातून जाणारा, सर्वात खडतर. पूर्ण शर्यतीत गटात दुसरा क्रमांक आला. मग त्या पत्रकाराने आपले शब्द सुधारले. डब्यातल्या बाया आता हुशार आणि वेगवान झाल्या, पण चवचाल हा शब्द राहिलाच. अजून एक गंमत. अमेरिकेतल्या मुक्कामी त्या पोहण्याच्या पोशाखात बंदरात शिरल्या, तोच फोटो जगभर छापला गेला. वादळात शीड उतरवतानाचे फोटो मागे पडले. ही वृत्तपत्रांची सवय आपल्याला ठाऊक आहे. आपण मोर्चा काढतो तेव्हा फोटो कोणाचा छापतात ते आठवा.

एवढे झाल्यावर दार उघडले असेल असे वाटेल. उघडले नाही. पुढची पंचवीस वर्षे अधूनमधून बायकांची एखादी बोट यायची, आणि मागे पडली की सगळे म्हणायचे, बघा. २०१५ साली पुन्हा एका बायकांच्या बोटीने एक टप्पा जिंकला, मेडननंतर पहिल्यांदाच. मागे का पडत होत्या? याचे सरळ उत्तर असे की पुरुषांना दर शर्यतीचा अनुभव मिळत होता आणि बायकांना मिळत नव्हता. अनुभव नाही म्हणून घ्यायचे नाही, आणि घेतले नाही म्हणून अनुभव नाही. बचतगटातून पहिल्यांदा कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेने आपल्यालाही हेच ऐकवले होते.

मग २०१७-१८ च्या शर्यतीला आयोजकांनी एक साधी गोष्ट केली. भाषण केले नाही, नियम बदलला. बोटीवर फक्त पुरुष असतील तर सातच खलाशी. सात पुरुषांबरोबर स्त्रिया घेतल्या तर एकदोन माणसे जास्त चालतील. निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया असतील तर दहा. सगळ्या स्त्रिया असतील तर अकरा. अशा बोटीवर दोन हात जास्त म्हणजे केवढा आधार, हे शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला समजावावे लागत नाही. एका संघाने तरीही पहिला टप्पा सात पुरुष घेऊनच पार केला. पुढच्या टप्प्यांत त्यांनीही एक स्त्री खलाशी घेतली. मुक्कामाला खलाशी बदलता येतात असे मघाशी म्हटले, ते यासाठी. त्या पुरुषांचे हृदयपरिवर्तन झाले की नाही, मला माहीत नाही. हिशेब मात्र त्यांना कळला. शर्यत जिंकली ती डाँगफेंग नावाच्या बोटीने, आणि तिच्यावर कॅरोलाइन ब्राउवर आणि मारी रिऊ या दोन स्त्रिया खलाशी होत्या. शर्यत सुरू झाल्यापासून पंचेचाळीस वर्षांनी जिंकणाऱ्या संघात स्त्रियांची नावे आली.

आरक्षणाला आपल्याकडे नाके मुरडतात. पंचायतीत तेहतीस टक्के जागा आल्या तेव्हा काय काय ऐकले, ते इथल्या माजी सदस्य भगिनींना विचारा. माझे मत असे आहे की समजावून मन वळण्याची वाट पाहण्यापेक्षा यादीचा नियम बदलून घेणे लवकर फळते. मन मागाहून वळते, कधी वळतही नाही, पण जागा मिळालेली असते.

हे सगळे परक्या देशातले झाले. आता आपल्या कोकण किनाऱ्याने खाली गोव्याला चला. मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौदलासाठी एक शिडाची बोट बांधली गेली, 'म्हादेई'. मांडवी नदीचेच हे दुसरे नाव. या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून निघाले आणि २०१० साली मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांनीही चार मुक्काम केले: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ पोर्ट स्टॅन्ली, आणि आफ्रिकेत केपटाउन. म्हणजे शर्यतीचीच वाट, फक्त स्पर्धा नाही.

त्याच कारखान्यात म्हादेईची धाकटी बहीण बांधली गेली, 'तारिणी'. लांबी पंचावन्न फुटांच्या आसपास. आपल्या डोलीच्या मोठ्या बोटींपेक्षा फार मोठी नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी तारिणी गोव्याहून निघाली तेव्हा तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या आणि एकही पुरुष नव्हता. प्रमुख वर्तिका जोशी. बरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. यांच्यातली एखादी विशाखापट्टणमची, समुद्राकाठची. पण कोणी उत्तराखंडातली, कोणी हिमाचलातली, कोणी मणिपूरची. डोंगरातल्या मुली. समुद्र रक्तात असावा लागतो म्हणतात, ते इथे लागू पडत नाही. त्यांना शिकवले गेले. दोंदे यांनी त्यांना तयार केले, म्हादेईवर त्यांनी आधी लांबचे प्रवास केले, मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या. शिकवले की येते, यात गूढ काही नाही.

पृथ्वीप्रदक्षिणा कशाला म्हणायचे याचे नियम आहेत. निघाले त्याच बंदरात परत यायचे, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, सगळी रेखावृत्ते ओलांडायची, सुवेझ किंवा पनामासारख्या कालव्यातून जायचे नाही, आणि किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापायचे. या सहा जणी २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. त्यांतले १९९ दिवस त्या समुद्रात होत्या. २०१७ ची दिवाळी त्यांनी पाण्यातच काढली. प्रशांत महासागरात वादळ लागले तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. सर्व खलाशांना धडकी भरवणारे केप हॉर्न हे टोक त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये ओलांडले. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला, म्हणून ठरलेल्या चार मुक्कामांखेरीज मॉरिशसला थांबावे लागले. दुरुस्ती झाली, पुढे निघाल्या. एवढेच. सुकाणू बिघडले की पुरुषांच्या बोटीही बंदराला लागतात.

आता मघाच्या वाक्याकडे येते. तारिणीचे छायाचित्र मी एकदा गटाच्या बैठकीत दाखवले तेव्हा पहिला प्रश्न आला, "ताई, ह्या जातात कुठं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न विचारणाऱ्या मावशी हसल्या नव्हत्या, आणि बरोबर होते. पहाटे चारला धक्क्यावर जाणाऱ्या, दुपारपर्यंत मासळी निवडणाऱ्या बाईसाठी हा पहिलाच प्रश्न असतो. पाणी कमी पिऊन दिवस काढणाऱ्या, त्यापायी लघवीचे विकार झालेल्या किती बायका मी दवाखान्यात नेल्या आहेत. तर उत्तर असे: अशा बोटीत एक छोटा संडास असतो, दार असलेला, पंपाने समुद्राचे पाणी घेऊन धुवायचा. शर्यतीच्या आधुनिक बोटींत वजन वाचवायला तोही धड नसतो, आडोसा नावापुरता. पुरुषांनाही तोच, बायकांनाही तोच.

हीच गोष्ट पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. नौदलात १९९२ पासून महिला अधिकारी घेतल्या जाऊ लागल्या, पण कायम नोकरी बहुतेकींना नाही, आणि युद्धनौकांवर नेमणूक नाही. विचित्रपणा बघा. २०१८ साली सहा जणी केप हॉर्नला वळसा घालून आल्या, देशाने हारतुरे घातले, आणि त्याच वर्षी नौदलाच्या युद्धनौकांवर महिला अधिकाऱ्यांना नेमत नव्हते. बायकांनी कोर्टात दाद मागितली होती. सरकारतर्फे दिलेल्या कारणांत एक कारण असे होते की रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. स्त्रिया पुरुषांइतक्याच कार्यक्षमतेने समुद्रावर काम करू शकतात असे म्हटले आणि कायम नियुक्तीचा मार्ग मोकळा केला. २०२१ च्या सुरुवातीला चार महिला अधिकाऱ्यांची युद्धनौकांवर नेमणूक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी यांची 'त्रिंकट' या युद्धनौकेच्या प्रमुख म्हणून निवड जाहीर झाली, नौदलाच्या युद्धनौकेवर प्रमुख होणारी पहिली स्त्री. एक वर्ष, पावणेचार वर्षे! आणि संडास नव्हता म्हणून त्याआधी गेली अठ्ठावीस वर्षे.

इथे आपल्यातल्या काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील की फौजेचे कौतुक आपण का करायचे? युद्धाला आपला विरोध आहे ना? हा वाद आपल्या संघटनेत जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही. मला स्वतःला तोफांचे कौतुक नाही. पण नोकरी, पगार, हुद्दा आणि पेन्शन हे सरकारी तिजोरीतून जाते, आणि तिथे अर्ध्या लोकांना दारात ठेवले तर तो आपलाच प्रश्न आहे. शिवाय तारिणीवर तोफ नव्हती. सहा जणी होत्या, शिडे होती आणि पाळ्या होत्या. रात्री सुकाणू कोणी धरायचे आणि भात कोणी शिजवायचा याच्या पाळ्या. ज्या घरात या दोन कामांच्या पाळ्या लागतात, असे घर मला पापडीत दाखवा, मी तिथे जेवायला येते.

तारिणीची गोष्ट तिथे थांबली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच, फक्त दोघी, तीच बोट घेऊन गोव्याहून निघाल्या आणि त्याच चार मुक्कामांनी आठ महिन्यांत, मे २०२५ अखेर परतल्या. दोघींत एक झोपली की दुसरी एकटी जागी. आणि ११ सप्टेंबर २०२५ रोजी इथून जवळच, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून 'त्रिवेणी' नावाची बोट प्रदक्षिणेला निघाली, तिन्ही सैन्यदलांच्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन. नावे ऐका: प्रमुख अनुजा वरुडकर. बरोबरच्या यादीत ओमिता दळवी, प्राजक्ता निकम. ही आडनावे आपल्या शाळेच्या हजेरीपटावरची आहेत.

आणि खऱ्या शर्यतीचे काय झाले? तेही सांगते, कारण दोन्ही धागे इथे जुळतात. जुन्या व्हिटब्रेडला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ साली जुन्या पद्धतीची एक शर्यत झाली, 'ओशन ग्लोब रेस'. उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रे वापरायची नाहीत. कागदी नकाशे, सूर्य-तारे बघून दिशा. मुक्काम तीन, केपटाउन, ऑकलंड आणि उरुग्वेतले पुंता देल एस्ते. सुरुवात १० सप्टेंबर, म्हणजे तारिणी निघाली तीच तारीख. या शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्सची जुनी मेडन पुन्हा उतरली, पुन्हा सगळ्या बायका घेऊन. प्रमुख हेदर थॉमस. खलाशांत दक्षिण आफ्रिकेतली, अँटिगातली मुलगी, आणि भारतातली पायल गुप्ता. होय, तारिणीवरचीच पायल. एप्रिल २०२४ मध्ये मेडन इंग्लंडला पोहोचली. अशा शर्यतीत लहान-मोठ्या बोटींचा फरक लक्षात घेऊन वेळ दुरुस्त करतात. तो हिशेब झाल्यावर मेडन पहिली ठरली. जगाच्या फेरीची शर्यत सगळ्या बायकांच्या संघाने जिंकली, हे पहिल्यांदाच. चवचाल बायांचा डबा म्हटलेली तीच बोट.

आता आपल्या धक्क्यावर येऊ.

आपल्या भाषेत बोटीचा प्रमुख म्हणजे तांडेल. तांडेलीण कोण? तांडेलाची बायको. पाटलाची पाटलीण तशी. बोट हाकणारी बाई, या अर्थाचा शब्द आपल्याकडे नाही, कारण तशी वेळच आली नाही. केरळात के. सी. रेखा या त्रिशूर जिल्ह्यातल्या बाईंना खोल समुद्रातल्या मासेमारीचा परवाना मिळाला, नवऱ्याबरोबर त्या बोटीवर जात होत्या. म्हणजे मासेमारीतही बाई बोटीवर गेली आहे. आपल्याकडे बोटींना नावे आईची, माउलीची, देवीची. तारिणी हेही ओडिशातल्या देवीचे नाव. आणि पाळीच्या दिवसांत होडीला हात लावू नये म्हणून घरातली मोठी माणसे सांगतात, हे तुम्हीच मला सांगितले आहे. इंग्रज खलाशांतही बाई बोटीवर आली की अपशकुन मानत. म्हणजे या बाबतीत गोरे काय आणि आपले काय.

पण मी आज तुम्हाला डोलीवर जा म्हणायला आलेली नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे. ज्यांना नाही त्यांच्यावर कसली सक्ती? माझा मुद्दा मुक्कामाचा आहे. शर्यतीत बोट बंदराला लागली की शिडे शिवणारे, अन्न भरणारे, दुरुस्ती करणारे किनाऱ्यावरचे लोक असतात. ते संघाचेच असतात, त्यांना पगार असतो, त्यांची नावे संघाच्या यादीत असतात. त्यांच्याशिवाय पुढचा टप्पा होत नाही हे सगळे मानतात. आपल्याकडे बोट धक्क्याला लागली की काम कोणाचे सुरू होते? मासळी निवडणे, बर्फ घालणे, बोंबील वलांडीवर टाकणे, पाटी डोक्यावर घेऊन पापडीच्या बाजारात बसणे, उधारी वसूल करणे, डिझेलचे पैसे भागवणे. बायकांनी एक आठवडा हे थांबवले तर पुढच्या आठवड्यात बोट निघेल का? तरी मच्छीमार म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष येतो.

जरा हात वर करा. ज्यांच्या घरची बोट आहे त्यांच्यापैकी किती जणींचे नाव बोटीच्या कागदावर आहे? ... चार. सोसायटीत स्वतःच्या नावाने सभासद किती जणी? ... दोन. बरं, या चौघींपैकी बोट विकायची की ठेवायची हे विचारून ठरवले, अशा किती? हसू नका. पैसा कोळणीच्या कनवटीला असतो, असे लोक कौतुकाने म्हणतात. कनवटीला रोजचा गल्ला असतो. बोट, जाळे, मत, नुकसानभरपाई हे कागदावर असते, आणि कागद कपाटात असतो. वादळात बोट बुडाली, नवरा परतला नाही, की मग बाई तो कागद शोधते. अशा घरी मी गेले आहे. दिराच्या पाया पडून सही मागणारी बाई मी पाहिली आहे. तिने वीस वर्षे त्या बोटीची मासळी विकली होती.

सोयीचा प्रश्न तर सोडाच. एका बंदरावर, नाव मुद्दाम घेत नाही, बायकांसाठी स्वच्छतागृह मागायला आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा सांगितले, जागा नाही. दुसऱ्यांदा, बायका संख्येने कमी आहेत. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "बायका धक्क्यावर येतातच कशाला?" मी त्यांना तारिणीची गोष्ट सांगितली नाही, रशियन जहाजांची सांगितली. कोर्टाचा निकाल म्हटल्यावर ते जरा सरळ बसले. काम अजून व्हायचे आहे, पण अर्जाला आवक क्रमांक मिळाला.

शेवटी आपल्या मुलींसाठी थोडे. बारावी झालेल्या दोघी माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना मालवाहू जहाजावर नोकरी करायची आहे. त्यांच्या आयांना धास्ती वाटते, ती मी समजू शकते. त्यांच्याशी बोलून मी एवढेच सांगितले ते इथेही सांगते. नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रवेश घ्यायचा, यादी त्यांच्याकडे मिळते. खलाशाच्या प्रशिक्षणाला दहावीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे गुण बघतात, डोळे तपासतात. जहाजावर जायला सीडीसी नावाचे पुस्तक लागते. नोकरी लावून देतो म्हणून आधी लाखभर रुपये मागणारे एजंट वसई-विरारमध्ये मुलांनाही फसवत आले आहेत. भरती करणाऱ्याकडे सरकारी परवाना आहे का, त्याचा क्रमांक काय, हे विचारल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि जहाजावर सहा महिने पोरगी एकटी कशी राहील, असे विचारणाऱ्या काकांना सांगा की तुमचा मुलगा राहतो तशी.

आता प्रश्न विचारा, मी थांबते. दाराजवळच्या टेबलावर दोन अर्ज ठेवले आहेत. पिवळा स्वच्छतागृहासाठी, त्यावर सर्वांनी सही किंवा अंगठा करा. पांढरा सोसायटीच्या सभासदत्वासाठी. त्याला ओळखपत्राची प्रत आणि बोटीचा नोंदणी क्रमांक लागेल. क्रमांक पाठ नसेल तर आज घरी जाऊन कपाटातला कागद काढा आणि उतरवून घ्या. पुढच्या बैठकीला घेऊन या.